सोवळ्यातले साउंड कार्ड

या पानावर देवळे, दशावतार, जुनी नाटके आणि जुनी माणसे यांच्याविषयी वाचायची तुम्हाला सवय. आज मात्र विषय जरा निराळा आहे. संगणकातून येणाऱ्या (आणि पुष्कळदा न येणाऱ्या) आवाजाचा इतिहास सांगायचा आहे. घाबरू नका. मी कला शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याने सरकारी कारकून. जेवढे मला कळले तेवढेच सांगणार, आणि ते तुम्हालाही कळेल. शिवाय शेवटपर्यंत वाचलेत तर पटेल की हा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपासून फारसा लांब नाही.

साल २००६. चवथीचे दिवस. मुंबईचे काका-काकी, चुलत भावंडे अशी सगळी मंडळी घरी जमली होती. माटोळी बांधून झाली होती, आरतीला अजून अवकाश होता. घरच्या संगणकावर मी नुकतेच लिनक्स बसवले होते. एका संगणक मासिकाबरोबर सीडी फुकट मिळाली होती. चोरीची विंडोज वापरायची नाही, असे त्या वयाच्या उत्साहात मी ठरवून टाकले होते आणि चार लोकांना ऐकवलेही होते. काका म्हणाले, "अरे, त्या तुझ्या पेटीवर अभिषेकीबुवांचा एखादा अभंग लाव बघू."

लावला. आवाज नाही. पडद्यावर संदेश आला, त्याचा अर्थ एवढाच, की साधन कामात आहे. मघाशी संगणक सुरू होताना स्वागताचा ‘टिंग’ असा आवाज मात्र व्यवस्थित झाला होता! मी तारा हलवल्या, स्पीकरची बटणे फिरवली, देवाचे नाव घेतले. मिनिटभराने पुन्हा बघितले तर अभंग आपोआप चालू झाला. एवढ्यात धाकट्या चुलत बहिणीने शेजारच्या खिडकीत एक खेळ उघडला. तो मुका. खेळाला आवाज हवा म्हणून तिने अभंग बंद केला. मग खेळ बोलू लागला आणि अभंग मुका झाला.

काका हसून म्हणाले, "तुझे हे मशीन सोवळ्यात आहे की काय रे? एक शिवला की दुसऱ्याला चालत नाही!"

पुढे या विषयावर जे काही वाचले, त्यात काकांच्या या वाक्याइतके नेमके वर्णन मला कुठे सापडले नाही. ते सोवळे कुठून आले, ते सुटायला इतकी वर्षे का लागली, आणि शेवटी कसे सुटले, हीच आजची गोष्ट.

एकच माईक

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यानंतर वर्षभरातच, म्हणजे १९९२ मध्ये, फिनलंडच्याच हन्नू सावोलाइनेन यांनी त्या प्रणालीसाठी साउंड कार्डाचा ड्रायव्हर लिहिला. कार्ड होते सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर. ते १९८९ मध्ये बाजारात आले होते आणि घरोघरच्या संगणकांना त्यानेच कंठ दिला होता. सावोलाइनेन यांच्या या कामातूनच पुढे ‘ओपन साउंड सिस्टम’ म्हणजे ओएसएस तयार झाली.

तिची रचना युनिक्सच्या जुन्या शिस्तीतली होती. युनिक्समध्ये प्रत्येक वस्तू ही एक फाईल. ओएसएसने साउंड कार्डासाठी ‘/डेव्ह/डीएसपी’ नावाची एक फाईल ठेवली. प्रोग्रामने ती उघडायची, तिच्यात आवाजाचे आकडे लिहायचे, की स्पीकरमधून आवाज आला. इतके सोपे होते ते. माझ्यासारख्यालाही एका ओळीच्या आज्ञेने एखादी कुठलीही फाईल तिच्यात ओतता येई. मग स्पीकर खरखरायचा आणि आपण काहीतरी केल्याचे समाधान मिळायचे.

अडचण अशी, की ही फाईल एका वेळी एकालाच उघडता येई. देवळात एकच माईक असतो तसे. कीर्तनकार बोलत असताना समितीच्या सचिवाला ‘अमुक क्रमांकाची गाडी बाजूला घ्या’ असे सांगायचे असेल, तर कीर्तनकारांनी माईक सोडायला हवा. त्यांनी नाही सोडला तर सचिव मुका.

दोन माईक एकाच स्पीकरवर वाजवायचे तर मध्ये मिक्सर लागतो. संगणकात हे मिसळणे म्हणजे निव्वळ बेरीज. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे तेवढे आकडे. दोन गाणी एकदम वाजवायची तर दोघांचे आकडे जोडीजोडीने मिळवायचे. पण एका आवाजाचे नमुने सेकंदाला ४४,१०० आणि दुसऱ्याचे ४८,००० असले, तर आधी दोघांना एका मापात आणावे लागते. पै-पैशाचा आणि रुपयांचा हिशेब थेट मिळवता येत नाही, तसेच हे. १९९८ मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर लाइव्हसारखी महागडी कार्डे ही बेरीज स्वतः करत. पण १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ नावाचे एक मानक आणले आणि मदरबोर्डवरच स्वस्तातला ध्वनी येऊ लागला. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आणि कचेऱ्यांत आले ते हेच. त्याला बेरीज येत नसे. ती सॉफ्टवेअरने करायची होती. कुठल्या सॉफ्टवेअरने? इथून भांडण सुरू झाले.

दोन घरे, दोन देव्हारे

उपाय सुचायला फारसा अवघड नव्हता. एक मध्यस्थ ठेवायचा. फाईल त्या एकट्यानेच उघडायची. बाकी सर्व प्रोग्रामांनी आपापला आवाज त्याच्याकडे द्यायचा आणि त्याने बेरीज करून पुढे पाठवायची. या मध्यस्थाला म्हणतात साउंड सर्व्हर.

पण तेव्हा लिनक्सच्या पडद्यावर दोन घरे उभी राहत होती. मथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीई हा प्रकल्प सुरू केला. १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम जाहीर केला. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचे, दोघांनाही सामान्य माणसाला सोपा संगणक द्यायचा होता, आणि तरी दोघांची चूल वेगळी. ग्नोमने ईएसडी हा सर्व्हर घेतला. तो मुळात एन्लायटनमेंट नावाच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेला होता. केडीईने ऑक्टोबर २००० मधल्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘आर्ट्स’ हा सर्व्हर घेतला. श्टेफान वेस्टरफेल्ड यांनी तो खरे म्हणजे संगीत निर्माण करणारा सिंथेसायझर म्हणून लिहिला होता. म्हणजे दोन्ही सर्व्हर दुसऱ्याच कामासाठी जन्मलेले आणि सरकारी भाषेत सांगायचे तर प्रतिनियुक्तीवर आलेले.

दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. ईएसडीने ती एकुलती एक फाईल धरली की आर्ट्स उपाशी, आर्ट्सने धरली की ईएसडी उपाशी. आणि ज्या जुन्या प्रोग्रामांना दोघांचीही भाषा येत नव्हती, ते थेट फाईलच उघडायला जात आणि दार बंद बघून परत येत. माझ्या त्या चवथीच्या संध्याकाळी झाले ते हेच. स्वागताचा ‘टिंग’ आर्ट्सने वाजवला आणि नंतर काही काम नसतानाही तो दार अडवून बसला. ठरावीक सेकंद काम मिळाले नाही की त्याने जागा सोडायची, अशी सोय त्याच्यात होती. म्हणूनच मिनिटभराने अभंग सुरू झाला. देवाचे नाव घेतल्याचा त्यात काही संबंध नव्हता, हे मला पुढे दोनेक वर्षांनी कळले.

यातून वाटा काढणाऱ्यांचीही कमाल होती. जुन्या प्रोग्रामाने फाईल उघडायला हात पुढे केला, की वाटेतच त्याचा हात धरून त्याला गुपचूप सर्व्हरकडे न्यायचे, अशा युक्तीची छोटी आवरणे निघाली. ईएसडीचे वेगळे, आर्ट्सचे वेगळे. काही प्रोग्रामांशी ही युक्ती चाले. जे प्रोग्राम कार्डाच्या स्मृतीत थेट हात घालत, त्यांच्याशी चालत नसे. गाणी वाजवणाऱ्या एक्सएमएमएसमध्ये आवाज कुठल्या वाटेने पाठवायचा याची यादी असे: ओएसएस, अल्सा, ईएसडी, आर्ट्स. चित्रपट दाखवणाऱ्या एमप्लेयरची यादी याहून लांब. यातले नेमके काय निवडायचे ते वापरणाऱ्याने ठरवायचे. म्हणजे तालुक्याच्या कचेरीत आलेल्या म्हाताऱ्याला आपण विचारावे, ‘आजोबा, तुमचा अर्ज कुठल्या नियमाखाली घेऊ, तुम्हीच सांगा.’

तळघरातली दुरुस्ती

वर ही दोन घरे भांडत असताना खाली तळघरात आणखी एक उलथापालथ चालू होती. ओएसएसची पूर्ण आवृत्ती फोरफ्रंट टेक्नॉलॉजीज ही कंपनी पैसे घेऊन विकत होती आणि लिनक्सबरोबर फुकट मिळणारा भाग मागे पडत चालला होता. यारोस्लाव्ह किसेला या चेक प्रोग्रामरने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून १९९८ मध्ये अल्सा हा नवा प्रकल्प उभा राहिला. फेब्रुवारी २००२ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्याच्या विकास-आवृत्तीत शिरला. डिसेंबर २००३ मध्ये गाभ्याची २.६ ही आवृत्ती आली, तेव्हा अल्सा गादीवर बसली आणि ओएसएस कालबाह्य ठरली. फोरफ्रंटने पुढे २००७ मध्ये ओएसएसचा स्रोत मुक्त केला, पण तोवर बस सुटली होती.

अल्साने जुन्यांची सोय केली नाही असे नाही. ‘/डेव्ह/डीएसपी’ ही जुनी फाईल तिनेही नकली रूपात ठेवली. शिवाय मिसळण्यासाठी ‘डीमिक्स’ नावाची सोय दिली, आणि २००५ च्या सुमारास ती आपोआप चालू राहील असेही केले. आता प्रश्न मिटायला हवा होता, नाही का? पण मेख अशी, की ती नकली फाईल गाभ्याच्या आत होती आणि डीमिक्स गाभ्याच्या बाहेर. त्यामुळे जुना प्रोग्राम फाईल उघडायचा तो डीमिक्सला वळसा घालून थेट कार्डापाशी जायचा. एका जुन्या प्रोग्रामने दार धरले की नवे सगळे बाहेर! जुन्या कागदांसाठी खिडकी उघडली खरी, पण त्या खिडकीवर माणूस आला की बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद होत.

याच काळात संगीताचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी पॉल डेव्हिस यांनी ‘जॅक’ नावाचा आणखी एक सर्व्हर लिहिला. हे डेव्हिस अॅमेझॉन कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. नंतर त्यांनी आर्डर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर केले आणि त्याच्या गरजेतून जॅक आला. पेटीची पट्टी दाबल्यावर सूर ऐकू यायला किती वेळ लागतो, यावर वादकाचे सगळे अवलंबून. हा वेळ काही मिलिसेकंदांवर आणणे हे जॅकचे ध्येय होते आणि ते त्याने साधले. पण जॅक चालू असला की बाकीच्यांनी गप्प बसायचे. गवयी रियाजाला बसले की घरात कोणी भांडे वाजवायचे नाही, तसे.

पल्सऑडिओ आणि घाई

२००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग या जर्मन तरुणाने एक नवा सर्व्हर लिहायला घेतला. तेव्हा त्याचे नाव पॉलिपऑडिओ. २००६ मध्ये ते पल्सऑडिओ झाले. कल्पना निःसंशय चांगली होती. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता यावा, गाणे चालू असताना ते स्पीकरवरून हेडफोनवर नेता यावे, ब्लूटूथचा हेडफोन जोडला की चालावा. आज आपण हे गृहीत धरतो. आणि पोटरिंग यांनी जुन्यांचा विचार केला नव्हता असेही म्हणता येणार नाही. ईएसडीची भाषा पल्सऑडिओला येत होती, ओएसएससाठी आवरण होते, अल्साच्या प्रोग्रामांसाठी जोडणी होती.

नोव्हेंबर २००७ मध्ये फेडोरा ८ ने पल्सऑडिओ आपोआप चालू ठेवले. एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ नेही ठेवले, आणि तीही दीर्घकाळ सांभाळायची म्हणून जाहीर केलेली आवृत्ती. मग बोंब सुरू झाली. मुख्य बळी होता फ्लॅश. तेव्हा महाजालावरचे बहुतेक चलत्‌चित्र फ्लॅशमधूनच दिसे. हे सॉफ्टवेअर अॅडोबी कंपनीचे, बंदिस्त. बाहेरच्या कोणाला ते दुरुस्त करता येत नव्हते. त्याला पल्सऑडिओशी जोडणारा एक मधला दुवा होता, त्याने अख्खा ब्राउझरच कोसळे. अॅडोबीत लिनक्ससाठी फ्लॅश तयार करणारे माइक मेलॅन्सन यांनी तर २००७ मध्येच लिनक्सच्या ध्वनीव्यवस्थेची आकृती काढून याला जंगल म्हटले होते. पोटरिंग यांनीही २००८ मध्ये या जंगलातून वाट दाखवणारा एक लेख लिहिला. अल्साचा वापर करताना तिच्या सगळ्याच सोयी वापरू नका, अमुक एवढ्याच सुरक्षित आहेत, असे त्यांचे सांगणे होते.

सल्ला योग्य होता. पण जे प्रोग्राम आधीच लिहून झाले होते त्यांचे काय? त्यांनी अल्साचे जाहीर नियम वाचले होते आणि त्याप्रमाणे लिहिले होते. आता मागाहून कळत होते की त्यातले काही नियम पाळले जातीलच असे नाही.

त्याच वर्षी पल्सऑडिओने आवाजात खंड पडू नये म्हणून नवी पद्धत आणली. कार्डाला पुढचा मोठा साठा एकदम देऊन ठेवायचा आणि घड्याळ बघून पुन्हा भरायचा. यासाठी ‘मी आता अमुक ठिकाणी आहे’ हे कार्डाच्या ड्रायव्हरने खरे सांगायला हवे. पुष्कळ ड्रायव्हर खोटे सांगत होते. आजवर त्यांना कोणी इतक्या बारकाईने विचारलेच नव्हते. परिणाम असा झाला की चूक ड्रायव्हरची, पण खरखर सुरू झाली पल्सऑडिओ आल्यावर, म्हणून शिव्या पल्सऑडिओला. कचेरीत नवा साहेब येऊन जुने हिशेब तपासू लागला की गोंधळ त्यानेच घातला असे सगळे म्हणतात, तसेच.

आम्हा हौशी लोकांचे यात फार तर गाणे चुकले. पण काहींचे सगळेच चुकले. अंध माणसासाठी संगणकाचा आवाज हाच पडदा असतो. ग्नोमने २००६ मध्ये ओर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम अधिकृतपणे घेतला होता. खिडक्यांचा डेस्कटॉप सुरू होण्याआधीच्या काळ्या पडद्यासाठी स्पीकअप हा दुसरा वाचक होता. पल्सऑडिओ प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाने वेगळे चालते, तर स्पीकअपचा बोलणारा भाग प्रणालीच्या नावाने, थेट अल्सावर. दोघांत पुन्हा तेच दार अडवणे. एकाने कार्ड धरले की दुसरा मुका. डोळस माणसाला आवाज गेला तर निदान संदेश वाचता येतो. अंध माणसासमोर मुका संगणक म्हणजे बंद संगणक. तो दुरुस्त कसा करायचा, हे वाचायलाही त्याच्यापाशी आवाज नाही. मुक्त सॉफ्टवेअर सर्वांसाठी, असे आपण म्हणत आलो. त्या वाक्याची खरी परीक्षा इथे होती, आणि त्या काळात आपण तिच्यात पुष्कळदा नापास झालो.

नियम बरोबर, माणूस चूक?

आता या इतिहासातला मला सर्वात आवडणारा प्रसंग. तो साउंड सर्व्हरचा नाही, पण त्याच्या शेजारचाच आहे.

२०१० मध्ये फेडोराची १४ वी आवृत्ती येत होती आणि लोकांच्या लक्षात आले की फ्लॅशमधून येणारे गाणे चिरकते आहे. सर्वांनी सवयीने पल्सऑडिओकडे बोट दाखवावे अशीच ती स्थिती. पण दोष निघाला भलतीकडेच. स्मृतीतला मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी उतरवून घेणारे एक साधे काम सगळेच प्रोग्राम करतात. ते ज्या मूळ संग्रहातून येते, त्या ग्लिबसीने ते अधिक वेगवान केले होते. त्यासाठी काही नव्या प्रोसेसरांवर मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे उतरवला जाऊ लागला. नियम असा होता, आणि वर्षानुवर्षे लिहिलेला होता, की दोन जागा एकमेकींवर चढत असतील तर हे काम वापरू नये, त्यासाठी दुसरे आहे. फ्लॅश तो नियम मोडत होते. जुन्या पद्धतीत ते खपून जाई. नव्या पद्धतीत आवाज फाटला.

ग्लिबसीच्या बाजूने उत्तर मिळाले, नियम मोडला आहे, फ्लॅशने सुधारावे. कायद्याने हे शंभर टक्के खरे. आणि कोण धावून आले? खुद्द लिनस टोरवाल्ड्स. त्यांनी स्वतः खणून कारण पक्के केले, तात्पुरता उपाय दिला आणि वाद घातला. त्यांचा मुद्दा साधारण असा, की काल चालत होते ते आज बंद पडले, तर वापरणाऱ्याला नियमाचे पुस्तक दाखवून उपयोग नाही. लिनक्सच्या गाभ्यापुरता हा त्यांचा जुना हट्ट आहे: वरच्या प्रोग्रामांचे चालते काम मोडायचे नाही.

मार्ग २०११ मध्ये निघाला तो मोठा समजूतदार. ग्लिबसी २.१४ मध्ये या कामाची दोन रूपे ठेवण्यात आली. जे प्रोग्राम जुन्या काळी बांधले गेले, त्यांना जुने, सुरक्षित वागणे मिळेल. जे आजपासून बांधले जातील, त्यांना नवा नियम.

हे वाचले तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. कारण ही पद्धत आपल्या ओळखीची आहे! १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्या दिवशी सकाळी कोणी असे ठरवू शकला असता, की आजवरचे पोर्तुगीज कागद रद्द, सर्वांनी नव्याने आपली घरे, लग्ने, बागायती सिद्ध करा. तसे झाले नाही. १९६२ च्या कायद्याने आधीचे कायदे, बदल होईपर्यंत, चालू ठेवले. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग तर आजही आपल्या लग्नाच्या नोंदीत आहे. कचेरीत अजूनही कोणी म्हातारी कापडात गुंडाळून आजोबांच्या काळचा पोर्तुगीज दस्तऐवज आणते. आम्हाला तो वाचता येत नाही, अनुवाद करून घ्यावा लागतो, वेळ लागतो, चिडचिडही होते. पण ‘हा कागद आता चालत नाही’ असे तिला कोणी म्हणू शकत नाही. राज्य बदलले, तिची बाग तिचीच राहिली.

सर्वांची भाषा बोलणारा

आता शेवट. ईएसडी आणि आर्ट्स यांचे दिवस पल्सऑडिओ येईपर्यंतच भरत आले होते. वेस्टरफेल्ड यांनी २००४ च्या अखेरीस आर्ट्सचे काम सोडले आणि जानेवारी २००८ च्या केडीई ४ मधून तो गेला. पल्सऑडिओ मात्र टिकले आणि सुधारले. पुढे ते सांभाळणाऱ्यांत आपले अरुण राघवनही होते. ड्रायव्हर दुरुस्त झाले, फ्लॅशची गरज कमी होत गेली आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधारच संपला. तरी जॅक आणि पल्सऑडिओ ही दोन राज्ये वेगळीच राहिली. गाणे बनवणारे एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे.

विम टायमन्स हे जुन्या पिढीतले प्रोग्रामर, जीस्ट्रीमरच्या घडणीतले मोठे नाव. २०१५ च्या सुमारास ते ध्वनीचे काही करत नव्हतेच, चित्राचे करत होते. कॅमेऱ्याचे दृश्य एकापेक्षा अधिक प्रोग्रामांना कसे वाटून द्यायचे, हा प्रश्न होता. (कॅमेराही सोवळ्यातच!) त्यातून २०१७ मध्ये पाइपवायर जाहीर झाले. मग लक्षात आले की याच सांगाड्यावर ध्वनीही चालेल.

इथे टायमन्स यांनी जे केले ते आधीच्या कोणी इतके पुरते केले नव्हते. सर्व प्रोग्रामांनी माझी नवी भाषा शिकावी, असा आग्रह त्यांनी धरला नाही. पल्सऑडिओशी बोलणारा प्रोग्राम आला तर पाइपवायर पल्सऑडिओच्या भाषेत उत्तर देते. जॅकचा प्रोग्राम आला तर जॅकच्या. अल्साचा आला तर अल्साच्या. त्या बिचाऱ्या प्रोग्रामांना पलीकडे माणूस बदलला आहे हे कळतही नाही. आजही पाइपवायर असलेल्या संगणकाला ‘तुझा साउंड सर्व्हर कोणता?’ असे जुन्या आज्ञेने विचारा, तो उत्तर देतो: ‘पल्सऑडिओ’, आणि पुढे कंसात हळूच, ‘पाइपवायरवर’. एवढे काम करणाऱ्याने आपले नाव कंसात ठेवावे, याचे मला फार कौतुक वाटते.

एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने पाइपवायरला ध्वनीचे काम दिले. उबुंटूने ऑक्टोबर २०२२ च्या आवृत्तीत दिले. २००७-०८ सारखी बोंब यावेळी झाली नाही. तक्रारी आल्या, पण बहुसंख्यांना बदल झाल्याचे समजलेच नाही. १.० हा आकडा पाइपवायरने नोव्हेंबर २०२३ मध्ये लावला, म्हणजे लाखो घरांत दोन-अडीच वर्षे मुकाट काम करून झाल्यावर.

यात एक गोष्ट मात्र विसरू नये. पल्सऑडिओने आधी शिव्या खाल्ल्या म्हणून ड्रायव्हर सुधारले. जॅकने आधी दाखवून दिले म्हणून विलंब कमी करता येतो हे कळले. ओएसएसच्या त्या एका फाईलने आधी आवाज दिला म्हणून पुढचे सगळे. पाइपवायर या सर्वांच्या खांद्यावर उभे आहे, आणि सर्वांची भाषा बोलून ते ऋण मान्यही करते.

आमच्या कचेरीत अधूनमधून नवी संगणकीय व्यवस्था येते. प्रत्येक वेळी ती आणणारे सांगतात, जुने आता विसरा. प्रत्येक वेळी माझ्या टेबलासमोर जुना कागद हातात घेतलेला कोणीतरी उभा असतो आणि नव्या पडद्यावर त्या कागदासाठी रकानाच नसतो. अशा वेळी ‘साधन कामात आहे’ हा संदेश मला आठवतो. तो रकाना ठेवणे कंटाळवाणे काम असते, त्याचे उद्घाटन होत नाही, फोटो छापून येत नाही. पण व्यवस्था माणसांची आहे की स्वतःचीच, ते त्या रकान्यावरून कळते.

काका आता थकले आहेत. चवथीला मुंबईहून येणे त्यांना जमत नाही. गेल्या चवथीला मी घरच्या त्याच टेबलावर, अर्थात नव्या संगणकावर, त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मागे पोरे घुमट बडवत होती, एका खिडकीत अभंग हळू आवाजात चालू होता, मध्येच कुणाचा तरी संदेश ‘टिंग’ करून गेला. सगळे एकदम ऐकू येत होते. काका पडद्यावरून म्हणाले, "काय रे, सुटले का त्याचे सोवळे?"

म्हटले, "सुटले, काका. वेळ लागला, पण सुटले."

असो. गणपती बाप्पा मोरया!